हाताचं माप

नवरगावच्या बाजारात माझं पाल चिंचेखाली,
मिरचीच्या ढिगाला लागून.
हात पुढं आला की आधी तो दाबते,
चार बोटं जवळ, अंगठा आत,
हाडं किती वाकतात ते बघते.
दोन-चार की दोन-सहा, ते मग.
त्याआधी हात बरंच बोलून टाकतो.

रोवणीच्या महिन्यात सगळ्या हातांना एकच वास.
बेचक्यांत पांढरी, फुगलेली कातडी,
नखाच्या कडेला सूज, दाबली की पू.
त्याला मी काही म्हणत नाही.
बांधीतल्या पाण्याचं देणं ते,
धान पिवळं पडेस्तोवर फिटतं.

कोपराजवळ गोल चट्टा, कडेला पुरळ, मधे साफ,
ताटलीच्या काठासारखा: गजकर्ण.
घरात एकीला झालं
की पुढच्या बाजारी सासू-नणंदा खाजवत येतात.
"मेडिकलातली ट्यूब लावली नं," म्हणतात.
त्या ट्यूबेनं आधी मिटतं,
मग मांडीभर पसरतं.

नख चमच्यासारखं खोलगट,
वर पाण्याचा थेंब ठेवला तर ठरेल असं,
तिला हिरव्या चुड्याआधी
हिरव्या भाजीचं विचारते.
लोणवाहीच्या एका पोरीच्या नखांवर
खड्डेच खड्डे, शिंप्याच्या अंगुस्तानासारखे.
कोपरावरचे चंदेरी पोपडे तिनं बाहीत लपवले होते.
नखं कुठं लपवणार?

देवका कोडापेच्या हातात काच तडकली.
करंगळीच्या मुळाशी रक्त आलं,
आणि ती समोरच्या दुकानात
गुळाचा भाव विचारत राहिली.
"दुखलं का वो?"
"काय?"
मनगटावर फिकट डाग. त्यावर लव नाही, घाम नाही.
सासूनं बिबा लावला होता, कातडी पोळली,
तेही हिला कळलं नव्हतं.
भर बाजारात मी त्या रोगाचं नाव घेतलं नाही.
म्हटलं, बुधवारी उपकेंद्रात सिस्टर असते,
मलाही गुडघा दाखवायचा आहे, सोबत चल.
गुडघा माझा ठणठणीत होता.

गोळ्यांची पानं संपवून
पोळ्याच्या आधीच्या बाजारी ती आली.
मी मुद्दाम जरा जोरानं बांगडी लोटली.
"आई वो! हात हाय का लाकूड?"
मी इतकी हसले
की मिरचीवाल्यानं तराजू खाली ठेवला.

पण पार्बताबाईच्या अंगठ्यावरची काळी रेघ
मी पाहिली होती.
दोन वर्षं पाहिली, दर संक्रांतीला, दर पोळ्याला.
"दारात चेमटलं असन," ती म्हणाली.
"असन," मीही म्हणाले.
चेमटल्याचा डाग नखासोबत पुढं सरकतो,
कापून टाकता येतो.
ही रेघ सरकली नाही. रुंद झाली,
नखाच्या मुळाशी कातडीत उतरली,
कागदावर शाई फुटावी तशी.
नागपूरला अंगठा काढला,
तोवर काखेत गाठ आली होती.
तिचं शेवटचं माप मीच घेतलं.
लहान पोरीची बांगडी सैल होत होती.

आता हात सोडण्याआधी
मी अंगठा उन्हाकडं फिरवून बघते,
प्रत्येकीचा. गिऱ्हाईक खोळंबतं.
बाया हसतात:
"अंगठ्यात कुठं बांगडी भरतात का वो?"