अकरा बंदुका

अकरा बंदुका आहेत आमच्या घरात.
एकही आमची नाही.

सहा आल-दर्रानच्या, पाच आल-हुमैसच्या,
वर्ष भरेपर्यंत माझ्या बापाकडे गहाण.
जो शब्द मोडील त्याच्या बंदुका गेल्या,
आणि बंदुकांच्या आधी तोंड गेलं, चारचौघांत दाखवायचं.
बाभळीखाली ठरलं हे, दोन बैल कापून.
त्यातला एक लंगडा निघाला
तर त्यावरूनही तासभर हमरीतुमरी.

वर ड्रोन घुमत होतं, दळणाच्या गिरणीसारखं.
राजधानीत एक सरकार, बंदरात दुसरं,
तिसरं म्हणे परदेशातल्या कुठल्या हॉटेलात.
आमच्या विहिरीवर कुणाचंच नव्हतं.
'म्हणून आपणच,' म्हातारा हादी बिन जुर्ऐब म्हणाला,
'आपणच एकमेकांची भिंत होऊ.'
पायात कोणाला गाडायचं
ते त्यानं विचारलं नाही.
गाडून झालेलं होतं.

कारण जामीन राहायचं तर
कोणाकडे रक्ताचं येणं असून चालत नाही.
माझा बाप आदल्या रात्री एकटाच विहिरीकडे गेला,
पोहरा काढला, वाळूत ओतला.
मुस्फिरवर पाणी सोडून आला.
घरात येऊन म्हणाला, भूक नाही.

बंदुका माझ्या खोलीत, कारण तिथे ओल नाही.
गंज चढला तर तोही अपमान धरतात.
दर गुरुवारी पुसते,
तिळाचं तेल, जुन्या ओढणीची चिंधी,
मांडीवर एकेक घेऊन, तान्ह्याला चोळावं तशी.
कुणाच्या दस्त्यावर बायकोचं नाव कोरलंय,
कुणाच्या पट्ट्याला शाळेच्या दप्तराचं बक्कल.
सातवीच्या दस्त्यावर
पांढऱ्या तारेचे तीन वेढे.

दरहमनं पाहिले होते ते, चार वर्षांपूर्वी,
पाण्याच्या टँकरखाली पालथा पडून.
तारेवर ऊन चमकलं, एवढंच त्याला आठवतं.
मग माझा भाऊ रिकाम्या कॅनवर कोसळला.
कॅनचा आवाज झाला.
त्याचा नाही झाला.

आता खरं तेही सांगते.
त्या बाभळीनंतर रस्ता खुला झाला.
सात चौक्या होत्या, दोन राहिल्या,
आणि त्या दोन्हींवर आता पैसे नाही, चहा मागतात.
अडलेली फौझिया रातोरात दवाखान्यात पोचली,
पोरगा झाला, काळासावळा, रडका.
टँकर येतो. कांदा बाजारात जातो.
आणि शिशिरात त्या काळ्या गाड्या आल्या,
झेंडे लावलेल्या, पोरं गोळा करायला,
तेव्हा खिंडीत दोन्ही कबिल्यांची माणसं
एकाच धोंड्याआड, खांद्याला खांदा लावून बसली होती.
(बंदुका कुठून आणल्या, असं विचारू नका.
अकराच गहाण होत्या.)
गाड्या वळल्या.
त्या रात्री गावात झोपेचा आवाज येत होता.
मी तो पहिल्यांदाच ऐकला.

फौझियाच्या घरी गेले, पोराला मांडीवर घेतलं.
त्यानं माझं बोट धरलं, सोडेना.
नाव काय ठेवलंत, विचारलं.
ती गप्प. सासू गप्प.
मग हळूच म्हणाली, तुमची हरकत नसेल तर.
मी हरकत घेतली नाही.
पण घरी येईपर्यंत
तो रस्ता मला फार लांब वाटला,
खुला होता तरी.

वर्षाला एकोणीस दिवस उरलेत.
बाप पुढच्या वर्षाचं बोलतो, बैलांचं, सावलीचं,
या खेपेला दोन्ही धडधाकट बघू म्हणतो.
सातवीकडे तो पाहत नाही.
कोणती ते त्याला माहीत आहे,
मला माहीत आहे हेही त्याला माहीत आहे.
आम्ही दोघं जेवतो.

आज गुरुवार.
इतर दहांना मिळून जेवढं तेल लागतं
तेवढं मी तिला एकटीला लावते.
नळीत फुंकर घालते, चाप पुसते,
जिथे कुणाचं तरी बोट होतं तिथे जास्त.
तारेचा तिसरा वेढा ढिला झाला होता.
निसटला असता.

दातांनी धरून
मी तो घट्ट केला.