गुणक

ऑग्डेन, युटा. सत्त्याहत्तरचा हिवाळा.
तळघरात ट्यूबलाइट, आणि ट्रॉलीवर
मेलेल्यांचे कर-अर्ज.
मागे साठ हजार डॉलर ठेवून गेलेल्यांचेच;
त्याहून गरीब मेले, तर आमच्यापर्यंत पोचत नाहीत.

जिवंत माणूस आपल्याकडे किती आहे ते सांगत नाही,
बायकोलाही नाही.
मेल्यावर सांगावंच लागतं:
वकील सांगतो, टाइप करून, तीन प्रतींत.
म्हणून आम्ही मेलेल्यांना विचारतो
जिवंतांच्या तिजोरीविषयी.

नमुना आम्ही काढतो, असं आम्हांला वाटतं.
पहिली चिठ्ठी मृत्यू उचलतो.
तो कुठल्या वयात किती उचलतो ते पाहायचं
आणि अपूर्णांक उलटा करायचा, एवढंच काम.
नव्वदीच्या म्हातारीमागे उभे पाच जण.
पस्तिशीत गेलेल्याच्या मागे पाच-सहाशे,
सगळे धडधाकट, सगळे त्याच्याइतकेच श्रीमंत.

म्हणून म्हातारे दहांत एक पुरेत,
क्रमांकाचे शेवटचे अंक पाहून.
तरुण मात्र एकही सोडायचा नाही.
हा नियम मीच लिहिला.
वॉशिंग्टनहून एका ओळीची मंजुरी आली, स्पेलिंग चुकलेली.

लारू थॉर्सन समोरच्या टेबलावर नोंदी उतरवते.
गाई एकशे बारा.
पियानो एक, सूर उतरलेला (असं वकिलाने लिहिलंय,
किंमत कमी व्हावी म्हणून).

मंगळवारी डेल्विन स्टोकर आला.
छत्तीस.
चर्चमध्ये माझ्या मागच्या बाकावर बसून
बिनधास्त बेसूर गायचा.
ओळखीचं नाव आलं की फाइल दुसऱ्याकडे द्यायची,
हाही नियमच. न उघडता सरकवली.
पण वय वर छापलेलं असतं
आणि कोष्टक मला पाठ आहे:
छत्तीस, पुरुष, सहाशे चाळीस.

दुपारी लारूने चष्मा पुसता पुसता विचारलं,
"तळ्याकाठी घर दाखवलंय, धक्का दाखवलाय.
बोट नाही. तू ओळखायचीस ना त्याला?
होती का गं बोट?"

लाल होती. आतून पांढरी.
माझ्या मुलाला त्याने वल्हं धरायला शिकवलं होतं तीत.
आता ती कुणाच्या गोठ्यात ताडपत्रीखाली आहे,
तेही मला माहीत होतं.

"फाइलीत आहे तेवढंच लिही," मी म्हटलं.

तिने रकान्यात शून्य भरलं,
आणि देशाच्या हिशेबात
सहाशे चाळीस बोटी
आवाज न करता बुडाल्या.