पुढचा पेच आधी

तीन गुरुवार माझ्या कार्डावर
पुरळ उठल्यासारखी भोकं.
नऊ, आठ, दहा, पुन्हा आठ,
आणि एक तर थेट शेजारच्या कार्डात,
हेलन रॉब्सनच्या हिशेबात.

हेक्झॅमचा जुना ड्रिल हॉल,
पंचवीस यार्डांवर पिवळा दिवा,
पाइपांत गुरगुरणारं पाणी,
चटईला ओल्या कुत्र्याचा वास.
मी पालथी पडून कारणं शोधते:
श्वास. चष्मा. दुपारची दुसरी कॉफी.
इस्लामपूरहून आलेला भावाचा फोन,
ज्यात तो सह्यांबद्दल काहीच बोलला नाही.
बावन्नावं वर्ष.
हॉस्पिटलात दिवसभर रक्ताच्या नळ्या हाताळणारे हे हात,
आता त्यांचाही नेम नाही बहुतेक.

एडविन मिलबर्न काही बोलत नाही.
न्यूकॅसल ते कार्लाइल
रेल्वेचे सिग्नल दुरुस्त करण्यात गेली त्याची हयात.
बोल्ट काढून तो माझ्या तळहातावर ठेवतो,
रायफल बाकावर उताणी करतो
लंगोट बदलायला बाळ ठेवावं तशी,
आणि नळी जिथं लाकडातून डोकं काढते
तिथं डाव्या हाताचं बोट टेकवून
उजव्यानं पेच सैल करतो,
कसतो,
सैल करतो.
मग माझं बोट धरून तिथं ठेवतो.
"लागतंय?"

लागतं. केसाएवढं काहीतरी
उठतं आणि बसतं,
झोपलेल्याच्या पापणीखाली बुबुळ फिरावं तसं.

"ही हलतेय," एडविन म्हणतो. "तू नाही."

तीन आठवडे, देवा,
मी माझ्याच डोक्याचे स्क्रू तपासत होते.

पुढचा पेच आधी, मग मागचा.
थोडा हा, थोडा तो.
पाना त्याचा स्वतःचा,
मुठीवर सायकलच्या हँडलची जुनी टेप.
चार न्यूटन-मीटरला दहा गोळ्या,
साडेचारला दहा, पाचला दहा,
मध्ये चहा, कारण नळी निवली पाहिजे
आणि मीही.

एकदाच गच्च का नाही आवळून टाकायचा?
मी त्याला सांगते,
आमच्या कुकरच्या कानाचा स्क्रू
आई सुरीच्या टोकानं पिळायची, दातओठ खाऊन,
आणि एका दिवाळीत कानच हातात आला,
डाळ छताला.
तो इतका हसतो की पाना खाली ठेवावा लागतो.
अक्रोडाचं लाकूड आहे हे, म्हणतो,
चेपलं की रुसतं,
आणि रुसलं की नळीला आपल्या बाजूला ओढतं.

कसणं, मी घोळवते मनात.
शेत कसतात. कंबर कसतात.
माणसाचा कस लागतो तो वेगळाच.
याच्याकडे या सगळ्याला एकच शब्द, तोही पान्याचा:
टक.
त्यापुढे तीळभर नाही.

साडेपाचला भोकं पुन्हा पांगतात,
शाळा सुटल्यासारखी.
पाचवर परत येतो आम्ही.
दहा गोळ्या, एकच फाटका काठ,
सदऱ्याच्या गुंडीएवढा.

हेलन शिट्टी वाजवते.
एडविन दुर्बिणीला डोळा लावून बराच वेळ बघतो,
मग वहीत पेन्सिलीनं लिहितो:
पुढचा पाच, मागचा साडेचार, हवा दमट.
समोर माझं नाव. मंजुळाचं स्पेलिंग
तो दर गुरुवारी नवं करतो.

फक्त ती गुंडी मध्यावर नाही.
डावीकडे, खाली,
आठाच्या घरात नीट संसार थाटून बसलेली.
"ते आता तू बघ," तो म्हणतो
आणि पाना फडक्यात गुंडाळायला घेतो.

उजवीकडे सहा क्लिक. वर दोन.
गाल लाकडाला. अर्धा श्वास सोडलेला.
इतक्यात खालून कार्लाइलची गाडी जाते,
चटईखालची फरशी थरथरते,
मी बोट बाहेर काढते आणि तिला जाऊ देते.

एडविन मान वर करून ऐकतो.
"चार मिनिटं उशीर," म्हणतो.