दोन मासे जास्त

मार्च सरत आला. तलावाचं पाणी पाळीपासून मागं हटलेलं,
देवधानाची वाळकी ताटं चिखलात उभी,
आणि कॉलेजच्या प्रयोगशाळेत
माझ्या स्क्रीनवर
मासे वाढले.

गेल्या साली एक्केचाळीस जाती.
यंदा त्याच नोंदी, खेमराजनं लिहिलेला तोच प्रोग्राम,
काना नाही हलला, मात्रा नाही,
उत्तर मात्र त्रेचाळीस.

मधल्या काळात एवढंच घडलं होतं,
साकोलीचा कॉम्प्युटरवाला येऊन
मशीन फॉरमॅट करून गेला होता.
"सगळं लेटेस्ट टाकलं, मॅडम."

वही उर्कुडा वलथरेंची. चौदा वर्षं
पहाटे जाळ्यात जे आलं ते नावानिशी सांगत आले,
नात टाइप करत आली.
आकडा ऐकून ते पायरीवरून उठलेच.
"हे दोन कोनते वो बाई?
माज्या जारात त आले नाही."

पुण्याला फोन लावला.
खेमराज म्हणाला, माझ्याकडे एक्केचाळीसच येतात.
मी म्हटलं, इथं ये आणि बघ.
तो म्हणाला, माझ्याकडे तर चालतंय.
खोटं कुणीच बोलत नव्हतं,
म्हणून भांडताही येईना.

तीन रात्री गेल्या, त्यातली एक लाइटविना.
मग दिसलं:
मरळ, आणि मरळनंतर एक मोकळी जागा.
शिंगूर, आणि शिंगूरनंतर एक.
नातीचं बोट स्पेसबारवर जरा जास्त टेकलं होतं.
जुनी लायब्ररी ती जागा गुपचूप पुसायची,
साहेबाची चूक कारकून पुसतो तशी, न सांगता.
नवीनं ठरवलं, मला काय त्याचं.
आणि कोरड्या उन्हाळ्यात
रिकाम्या जागेला कल्ले फुटले.

"कंटेनर करून पाठवतो," खेमराज म्हणाला.
मला हायवेवरून रायपूरकडं जाणारे लोखंडी ट्रक दिसले.
उर्कुडांनी विचारलं, म्हणजे डबा?
हो, डबाच.
मी हॉस्टेलला होते तेव्हा आई एसटीच्या कंडक्टरजवळ द्यायची तसा,
भातासोबत मिठाचीही पुडी बांधलेला.
तिकडचं मीठ कसं असते, कोणाले ठाऊक, म्हणायची.
तसं ह्यात सगळं घरचं:
प्रोग्राम, त्याची लायब्ररी, ती नेमकी कितवी,
खालचं लिनक्स,
अक्षरं कुठल्या क्रमानं लावायची ती सवयसुद्धा.
यजमानाच्या चुलीवर भरवसा नाही.

दीड जीबी. आमच्या टॉवरला झेपेना.
प्रमिला रहांगडाले रामनवमीला गावी आली,
तिच्या पर्समध्ये, पेनड्राइव्हवर, टिकल्यांच्या पाकिटाशेजारी
एक आख्खं जुनं मशीन आलं.

चालवला. एक्केचाळीस.
"पुना कर."
एक्केचाळीस.
"पुना."
उर्कुडा हसले,
"तलाव असा कदी करत नाही."

नाहीच करत. आणि डबाही काही शहाणा नाही,
तो तीच जुनी माफी तशीच पुन्हा देतो.
मोकळ्या जागा मी वेगळ्या फाइलीत हातानं पुसल्या,
डब्यावर तारीख लिहिली,
काय झाकलं होतं तेही लिहिलं.
दहा वर्षांनी कुणी उघडलं
तर आमचं उत्तर मिळेल त्याला,
आणि आमची चूक, जशीच्या तशी, ताजी.

परवा पहाटे उर्कुडांचा फोन.
बोटभर मासा, शेपटीशी काळा ठिपका,
चौदा वर्षांत पाहिला नाही.
"लिवून घे."
नाव?
"नाव नाही अजून."

मी ओळ वाढवली. तारीख, तलाव, वजन.
नावाच्या रकान्यात
एक मोकळी जागा ठेवली,
ह्या वेळी जाणून.