शेरा

पेन इथे चालत नाही. दमट हवेत शाई रुसते.
म्हणून शिसपेन्सिल, दोऱ्याने पाटीला बांधलेली,
आणि लाल काच लावलेली विजेरी.
पांढरा उजेड दिसला तर ती अर्ध्यातून वळते, समुद्रात.

बोआ विश्ताचा दक्षिण किनारा, रात्री अकरा ते पहाटे चार.
दहा पावलं पुढे इल्दो, माझा धाकटा,
खेकड्यांना भितो आणि ते लपवायला गुणगुणतो.

माग सापडला की आधी तळहात टेकवायचा :
ओला, की वाऱ्याने सुकलेला.
एक वर जाणारा, एक खाली उतरणारा,
जणू एकाच चाकाचा ट्रॅक्टर आला नि गेला.
रुंदी लिहायची. घरटं : आहे, नाही.
अंडी. वेळ. बिल्ल्याचा क्रमांक.
शेवटचा रकाना शेऱ्याचा, बोटभर.

काल एकीने तीनदा उकरलं,
तीनदा खाली खडक लागला असावा.
तशीच परत गेली, पोटातलं पोटात घेऊन.
इल्दोने लिहिलं : घरटं नाही.
बरोबरच आहे. तरी मी त्या खड्ड्यांपाशी
जराशी रेंगाळले.

माझी आई कासव रांधायची. कांदा, तमालपत्र, मंद आच.
खोटं कशाला बोलू, चव अजून जिभेवर आहे.
त्याला रकाना नाही.

आज सातशे चार आली.
तीन वर्षांपूर्वी मीच टोचलेला बिल्ला,
पत्र्यावर आता शेवाळ.
तिने मला ओळखलं नाही. का ओळखावं?
मागच्या पायांची ओंजळ करून ती वाळू उपसत होती,
एकदा ह्या पायाने, एकदा त्या,
घाई नाही, विसावा नाही.
मी पालथी पडून मोजत गेले.
अठ्ठ्याहत्तर, एकोणऐंशी... इल्दो खोकला.
एखादं इकडचं तिकडे झालं असेल.

मग तापमापी पुरली. गेल्या साली तेहतीस अंश.
एवढ्या उबेत सगळ्या माद्याच निपजतात,
मिंदेलोहून आलेली बाई सांगत होती.
सगळ्या? सगळ्याच.
गावातल्या बायका पोट धरून हसल्या.
आमचे रॉटरडॅमला, लिस्बनला, कुणी जहाजावर,
वर्षाकाठी एक पिंप येतं :
साबण, बूट, कुणाच्याच मापाचा नसलेला कोट.
"म्हणजे आपल्यासारखंच की," नॉर्बेर्ता म्हणाली,
"पण ह्या पोरी निदान जन्मल्या वाळूत परत तरी येतात.
बाप्यांचं काय, ते पाण्यातच राहतात."
पुन्हा हसू. मग कुणीतरी काप उचलले, धुवायला गेली.

इल्दोचे कागद आलेत. ऑक्टोबर.
अजून त्यावर आम्ही बोललो नाही.

सातशे चार खाली गेली. लाटेने तिला उचललं
तेव्हा ती एकदम हलकी झाली.
पेन्सिलचं टोक मोडलेलं. इल्दोने दाताने कुरतडून शिसं काढलं.
"शेऱ्यात काय लिहू?"
लिही, म्हटलं : वारा ईशान्येचा.
वाळू हाताला गरम.