वास नसलेली खोली

झोपेभाऊ, हे घ्या पुस्तक.
सात दिवस उशीर झालाय, दंड लावा,
पण आधी ऐका.

तुम्हीच म्हणालात ना,
"कुंदाताई, हे रात्री एकट्यानं वाचू नका."
मी तर एकटीच वाचते, आणि रात्रीच,
सावद्याबाहेर, केळी पिकवायच्या कोल्ड रूमच्या दाराशी
प्लास्टिकच्या खुर्चीत,
वैशाखात स्वेटर घालून.
बाहेर चाळीसच्या वर, आत सतरा.
मधे मी आणि रजिस्टर.

सुरुवात झकास होती, खोटं कशाला बोलू.
डोंगरावरची हवेली, धुकं
(धुकं मी पालला एकदा पाहिलं होतं,
जवळ गेले तर चुलीचा धूर),
वरच्या मजल्यावर कुलूप,
आणि तो कमी बोलणारा मालक, कपाळावर व्रण.
त्या व्रणापायी एकदा
पहाटे चारचं तापमान टिपायचं राहिलं.
शेठना सांगू नका.

मग ती दिवा घेऊन जिना चढायला लागली
तर नव्वद पानं जिनाच!
वारा येतो, दिवा विझतो,
ती बेशुद्ध पडते, तो उचलतो.
पुन्हा वारा. पुन्हा उचलतो.
आमचे हमालसुद्धा
एकच क्रेट दोनदा उचलायचे
जादा पैसे मागतात.

आणि कुलूप निघालं तर काय,
पहिल्या बायकोचा फोटो, एक ट्रंक.
रात्रीचे आवाज म्हणे म्हाताऱ्या नोकराच्या खोकल्याचे.
लग्न. खिडकीत ऊन. समाप्त.

भाऊ, मी बंद दार रोज उघडते.
चोवीस तास कोंडलेल्या खोलीत
एकदम पाऊल टाकायचं नसतं,
आतली हवा तेव्हा माणसाची नसते.
दार लोटायचं, बाजूला सरायचं, थांबायचं.
आधी वास येतो,
हिरवट, गोडूस,
अंधारात कुणी नुकतंच बोलायचं थांबल्यासारखा.
मग घोट्यांना गारवा.
मग दिसतं,
काल हिरवं होतं ते कुणी पाहत नसताना
पिवळं होऊन बसलंय,
फण्यांवर फण्या, सगळ्या एकदम, गप्प.
अकरा वर्षं झाली,
अजून मान ताठते.

ह्या लेखिकाबाईंच्या खोलीला
वासच नाही.

नाही, एकदा दचकले. सांगते.
कुणीतरी पेन्सिलीनं रेघा मारल्यात,
बासष्ट, एकाहत्तर, अठ्ठ्याऐंशी,
दाबून मारलेल्या, पलीकडे उमटतील अशा.
पान एकशे त्रेचाळीसवर एक अर्धी,
"तिने कडी" इथपर्यंत.
पुढे सगळं कोरं.
मागच्या चिठ्ठीवर शेवटचा शिक्का शहाण्णव सालचा.
कोण होती ती?
(बाईच असणार, मला वाटतं.)
लाइट गेली? पाळण्यातलं रडलं?
की तीही कंटाळली, माझ्यासारखी,
आणि पेन्सिल केसांत खोचून उठली?
तेव्हा मी मागे वळून पाहिलं, भाऊ.
अख्ख्या पुस्तकात तेवढंच.

जुन्या रजिस्टरात नाव सापडतं का बघा.
वाळवी लागली म्हणता?
बरं.

दंड किती, चौदा ना?
आणि हो, ती अर्धी रेघ
मी ओळीच्या टोकापर्यंत नेलीय.
पुस्तक खराब केल्याचा वेगळा दंड असेल
तर तोही घ्या.