माप

सकाळी मी सरकारी शिबिरात पाय घडवतो,
संध्याकाळी गंगापूर रोडला.
हात तेच. जांभळी पेन्सिलही तीच.
तिथं ती बुडवायला बशीत पाणी असतं,
इथं मी थुंकी लावतो.

उरलेल्या पायाला हाड कुठं टेकलंय ते चाचपायचं,
तिथं गोल काढायचा,
ओली पट्टी गुंडाळायची आणि धरून बसायचं.
सात मिनिटं.
घट्ट होताना प्लास्टर गरम होतं,
आम्हाला ते शिकवलेलं असतं, त्यांना नाही,
म्हणून प्रत्येक जण दचकतो,
गेलेलं कुणी दारात उभं राहिल्यासारखा.

चंदरी भोये, बाऱ्ह्याची, तालुका सुरगाणा.
खाचरात घोणस चावली,
दवाखाना येईस्तोवर पाय काळा पडला होता.
मुक्कामाच्या गाडीनं पहाटे निघालेली. नंबर एकशे अठरा.
फॉर्मवर रकाना होता : व्यवसाय.
मी न विचारता लिहिलं, गृहिणी.
पायाचा रंग एकच आला होता,
फिका, कुणाच्याच कातडीचा नसलेला.
ती म्हणाली, दादा, ह्यो चिखलात...
मी म्हणालो, पुढचा.
पाहुणे दोन तास उशिरा आले,
तेव्हा एकशे चाळीस माणसांनी
घातलेले पाय काढले
आणि फोटोसाठी पुन्हा घातले.

त्याच आठवड्यात ऋजुता. माघात लग्न.
मॅडमनी तिला पाऊण तास विचारलं :
घराला जिने किती, स्कूटर कुठली, टाच केवढी लागते,
नसलेली पोटरी रात्री दुखते का.
मांडीवर अठरा रंगांचं कार्ड.
तिचं म्हणणं एवढंच, की बोटं सुटी हवीत,
जोडवी घालायचीत,
आणि उंबरठ्यावरचं माप
ह्याच उजव्या पायानं लवंडायचंय.
तिची आई रडली. मीही, खोटं कशाला सांगू.
ती बोटं मी तीन रात्री कोरत होतो.
तिच्यावर राग धरावा असं काही तिनं केलेलं नाही.

आषाढ सरता सरता चंदरी परत आली,
खताच्या गोणीत पाय घेऊन.
पंजा फुगलेला, आत गाळ,
तिच्या गुडघ्याखाली रुपयाएवढी जखम.
तक्रार नव्हती. बातमी सांगावी तसं म्हणाली,
फरशीवर ब्येस चालतो. आमच्याकडं फरशी नाय.
आवणीत मी वर आले, ह्यो खालीच ऱ्हायला.

मग नेसूचा काठ जरा वर केला.
घरच्यानं केलेला सागाचा खुंट,
सायकलच्या ट्यूबनं बांधलेला,
टोक म्हशीच्या खुरासारखं फाकवलेलं,
रुतू नये म्हणून.
आत सावरीचा कापूस. आणि कडेला
कोळशानं काढलेला गोल,
बरोबर तिथं, जिथं हाड टेकतं.

त्याला कसं कळलं?
इचारलं की त्यानं.

मी नियम सांगितला : पुढचा पाय तीन वर्षांनी.
ती म्हणाली, ठाव हाय.
तुमचा दाखल्यापुरता ठेवते, बाजाराला घालते.
तिची गाडी साडेतीनला, मला सहाला गंगापूर रोड.
जखमेवर मलम लावलं. तेवढंच कपाटात होतं.

दारात ती थांबली.
माप घेऊन ठेवा ना, म्हणाली, लिवून.
मी नाय आले तर दुसरी कोणी येईल भातवाली,
लई हायेत आमच्याकडं.

माप तिचं, पाय दुसरीला, असं होत नाही,
हे मी तिला सांगितलं नाही.
कपाटातून एकशे अठरा काढला.
रकाना भरलेला होता, वर सही, वर शिक्का.
समासात थोडी जागा होती.
पेन्सिल ओली केली आणि लिहिलं :
भात. गुडघाभर पाणी.
उकिडवं बसते.